भाकरी सोडल्यावर येणारा वास

स्वीडनमध्ये काही गाड्यांना एक उपकरण बसवलेलं असतं. चालकाने आधी त्यात फुंकायचं. श्वासात दारू नाही अशी त्याची खात्री पटली तरच गाडी सुरू होते. २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ५९ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत छापून आली. हा माणूस दारूच्या थेंबालाही न शिवणारा. वजन उतरवण्यासाठी अत्यंत कमी उष्मांकांचा आहार घेत होता. एके दिवशी तो गाडीत बसला, नळीत फुंकला आणि गाडी सुरूच होईना. यंत्राच्या मते साहेब प्यायलेले होते. जन्मात न प्यायलेल्या माणसाला हे कळल्यावर तो चक्रावला आणि भडकलाही.

यंत्राची चूक झाली होती, पण अगदीच हवेत नाही. त्याच्या श्वासात अल्कोहोल खरोखरच होतं. फक्त ते बाटलीतून आलेलं नव्हतं, यकृतातून आलेलं होतं.

आपण भात, पोळी, साखर खातो तेव्हा शरीर ग्लुकोजवर चालतं. जास्तीचं ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवलं जातं, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट. पिष्टमय पदार्थ बंद केले की यकृतातला साठा एखाद-दोन दिवसांत उतरणीला लागतो. रक्तातलं इन्सुलिन खाली येतं, अंगावरची चरबी मोकळी होऊन यकृताकडे वाहू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं. त्यांत तीन भावंडं आहेत. ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ही दोन कामाची. स्नायू, हृदय आणि मेंदूसुद्धा त्यांच्यावर चालतो. तिसरं ॲसिटोन. ते कुणी मुद्दाम बनवत नाही. ॲसिटोॲसिटेट आपोआप फुटतं आणि त्यातून ॲसिटोन सुटतं. ५६ अंश सेल्सियसलाच उकळणारा हा पदार्थ इतका उडून जाणारा, की रक्त फुप्फुसांत पोचलं की श्वासावाटे तो बाहेर पडतो. थोडा लघवीतून जातो, अगदी किंचित त्वचेतूनही. आणि काही वेळा यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूपांतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये करतं. सॅनिटायझरच्या बाटलीवर हे नाव आपण कोविडच्या काळात वाचलेलं आहे. स्वीडनमधलं यंत्र ॲसिटोनला भुललं नसतं, पण हे अल्कोहोल त्याने पकडलं.

हे सगळं आता पुण्या-मुंबईतल्या घरांतही चालू असतं. जिममधला ट्रेनर सांगतो किंवा मोबाइलवर कुणी तरी सांगतं, आणि माणूस पोळी-भात सोडून अंडी, चिकन, मटण, पनीर, तूप यांवर येतो. कडक कीटो आहारात दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांची मुभा असते. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत तीस-पस्तीस ग्रॅम असतात, म्हणजे दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडला की दिवसाचा कोटा संपला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कुणी तरी नाक मुरडतं. कुणाला तो वास नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरचा वाटतो, कुणाला पिकून उतरलेल्या फळांचा. आठवड्याभराने व्यायामाच्या कपड्यांना मुतारीची आठवण करून देणारा दर्प येतो. काखेचा वास ‘वेगळाच’ झालाय असंही काही जण सांगतात. आणि या सगळ्याचं खापर एकाच गोष्टीवर फोडलं जातं: मटण. इतकं मांस खाल्ल्यावर अंगाला वास येणारच की!

खरं तर हे तीन वेगळे वास आहेत. त्यांची वाट वेगळी, रसायन वेगळं, मुक्कामही वेगळा. त्यांतला सगळ्यांत आधी लक्षात येणारा जो ॲसिटोनचा, त्यात मांसाचा हात जवळजवळ नसतोच. पूर्ण शाकाहारी माणसाने भात-पोळी सोडून पनीर, नारळ आणि तुपावर दिवस काढले तरी तो येतो. काहीच न खाल्लं तरी येतो. जैन कुटुंबांत पर्युषणात अठ्ठाई करतात, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. त्या घरांना या वासाची ओळख असते. आपली एकादशी मात्र या बाबतीत अगदी निरुपद्रवी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा आणि रताळं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांच्या यकृताला कीटोन बनवायची वेळच येत नाही.

श्वासातल्या या वासाचा इतिहास मधुमेहापाशी सुरू होतो. जॉन रोलो हा ब्रिटिश तोफखान्याचा स्कॉटिश शल्यवैद्य. त्याच्याकडे कॅप्टन मेरेडिथ नावाचा मधुमेही अधिकारी होता. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सव्वाशे वर्षं होती. रोलोने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याला दिलेला आहार नोंदवला आहे: दूध, रक्त आणि चरबीचं पुडिंग, जुनं, मुरलेलं मांस आणि पोटाला झेपेल तितकी चरबी. आज ज्याला लो-कार्ब म्हणतात त्याचा हा पणजोबा, फक्त वाचूनच भूक मरेल असा. मधुमेह्यांच्या श्वासाला सडक्या सफरचंदासारखा वास येतो, ही नोंदही रोलोच्याच नावावर आहे. वासामागचा पदार्थ हाती लागायला मात्र १८५७ साल उजाडलं. प्रागमध्ये विल्हेल्म पेटर्सला एका मधुमेही रुग्णाच्या लघवीत ॲसिटोन सापडलं. आणि १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डरने अपस्माराच्या रुग्णांसाठी मुद्दाम कीटोन वाढवणारा आहार सुचवला आणि त्याला ‘कीटोजेनिक’ हे नाव दिलं. वजन उतरवायला तो वापरायची लाट फार नंतरची. रॉबर्ट ॲटकिन्सचं पुस्तक १९७२ चं.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण ती जिवावर बेतू शकते. निरोगी माणसाने पोळी-भात सोडल्यावर येणारा ॲसिटोनचा वास आणि मधुमेह हाताबाहेर गेल्यावर येणारा ॲसिटोनचा वास नाकाला सारखाच लागतो. फरक प्रमाणात असतो. एरवी आपल्या श्वासात हवेच्या दर दहा लाख भागांमागे एक-दोन भाग ॲसिटोन असतं. कीटो आहारात ते चाळीसपर्यंत जाऊ शकतं. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये ते हजाराच्या पुढे गेल्याच्याही नोंदी आहेत. आहारातल्या कीटोसिसला लगाम असतो, कारण थोडं का होईना, इन्सुलिन कामावर हजर असतं. ते जवळजवळ नसलं की कीटोन वाढतच जातात, रक्त आम्लधर्मी होतं आणि माणूस खोल, जोरजोरात श्वास घेऊ लागतो. त्या श्वासाचं वर्णन जर्मन डॉक्टर ॲडॉल्फ कुसमाउलने १८७४ साली केलं, आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. उलट्या, पोटदुखी, गुंगी आणि असा श्वास, यांच्यासोबत फळासारखा वास आला तर डाएटच्या गप्पा मारत बसू नये. सरळ इस्पितळ गाठावं.

आपल्याकडे या धोक्याला एक नवी बाजू आहे. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘फ्लोझिन’ नावांची औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० साली संपलं, गोळी स्वस्त झाली आणि घराघरांत पोचली. औषध चांगलंच आहे. पण या गोळ्या घेणाऱ्यांना कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच दिला होता. त्यातली मेख अशी, की रक्तातली साखर फारशी न वाढताही तो होतो. घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. ही गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता पोळी-भात बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

बाकीच्यांसाठी श्वासाचा वास हा पाहुणा आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराला कीटोन नीट वापरायची सवय नसते, तोवर तो जोरात असतो. सराव झाला की बहुतेकांचा कमी होतो. या आहाराने जाता जाता आणखी एक भर घातलेली असते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीराने तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा संपला की ते पाणी जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घसघशीत घट मुख्यतः याचीच, चरबीची नव्हे. पाणी गेलं की तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते आणि जिभेच्या मागच्या भागावर राहणाऱ्या जिवाणूंचं फावतं. अंडी-मांसाचे बारीक कण त्यांच्या आवडीचे. त्यांतली गंधकयुक्त अमिनो आम्लं फोडून ते हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन सोडतात, म्हणजे अंडं कुजल्याचा आणि कोबी उकडल्याचा वास. ॲसिटोनचा वास दात घासून जात नाही, तो फुप्फुसांतून येतो. तोंडातल्या जिवाणूंचा मात्र जीभ घासून आणि पाणी पिऊन बराच आटोक्यात राहतो. लोक एकाच श्वासातल्या या दोन वासांवर एकच उपाय करत राहतात आणि मग वैतागतात.

दुसरा वास घामातला. यात मात्र प्रथिनांचा, म्हणून मांसाचाही, वाटा आहे. प्रथिनांत नायट्रोजन असतो. प्रथिनं जळताना त्याचा अमोनिया होतो, यकृत त्याचा तुलनेने बिनविषारी युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. थोडा युरिया घामातही उतरतो, आणि त्वचेवरचे काही जिवाणू तो पुन्हा फोडून अमोनिया करतात. त्यात दीर्घ व्यायामाची भर पडली की गणित आणखी बिघडतं. साठ्यात ग्लायकोजेन नसलं की स्नायू अमिनो आम्लंही जाळायला घेतात. १९९० च्या दशकात पोलंडमधल्या संशोधकांनी कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवलेल्या लोकांना व्यायाम करायला लावून त्यांचं रक्त आणि घाम तपासला, तर अमोनिया दोन्हीकडे वाढलेला होता. पळून आल्यावर टी-शर्टला येणारा तो झोंबरा दर्प हाच.

तेव्हा प्रश्न मांस किती खाल्लं एवढाच नसतो, कोणतं खाल्लं हाही असतो. याचा नमुना न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात घडला. व्हिल्ह्यालमुर स्टेफान्सन हा आइसलँडी वंशाचा कॅनडात जन्मलेला संशोधक-प्रवासी. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांत इन्युइट लोकांसोबत तो वर्षानुवर्षं मासे आणि मांस यांवर राहिला होता, आणि परतल्यावर ते छाती ठोकून सांगत होता. डॉक्टरांचा विश्वास बसेना. शेवटी १९२८ साली तो आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी वर्षभर फक्त मांस खाऊन दाखवायचं ठरवलं. पैसे अमेरिकेतल्या मांस-उत्पादकांच्या संघटनेने दिले होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. पण देखरेख यूजीन डुबॉय यांच्यासारख्या नाणावलेल्या शरीरशास्त्रज्ञांची होती, आणि सुरुवातीचे काही आठवडे दोघांना इस्पितळातच डोळ्यांत तेल घालून सांभाळलं गेलं. बीफ, मटण, पोर्क, कोंबडी. त्यांतही यकृत, गुर्दे, मेंदू, नळीतला मगज, चरबी. भाजीचं पानही नाही.

पहिल्याच दिवसांत डॉक्टरांनी स्टेफान्सनला मुद्दाम चरबी काढून टाकलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत त्याला जुलाब लागले, मळमळ सुरू झाली, माणूस हैराण झाला. हे त्याला नवं नव्हतं. ध्रुवाकडच्या शिकाऱ्यांना ठाऊक असतं, की निव्वळ सशाच्या, म्हणजे बिनचरबीच्या मांसावर राहिलं तर पोट भरूनही माणूस खंगतो. चरबीचं मांस मिळताच तो सावरला. वर्षभराचा हिशेब १९३० साली प्रसिद्ध झाला. दोघांच्या आहारातले पंच्याहत्तर-ऐंशी टक्के उष्मांक चरबीतून येत होते, प्रथिनांतून वीसेक टक्के. लघवीत ॲसिटोन आणि त्याची भावंडं सापडत होती, मूत्रपिंडं मात्र शाबूत होती. दोनच माणसांवरून कुणाला मांसाहाराचा झेंडा फडकवता येणार नाही. पण आज उकडलेल्या कोंबडीच्या बिनकातडीच्या छातीवर जगणाऱ्या आणि अंगाला अमोनिया मारतो म्हणून कुरकुरणाऱ्या तरुणाला या प्रयोगातून शिकण्यासारखं आहे. त्याने कर्बोदकं सोडली आणि चरबीही सोडली. मग सगळा भार प्रथिनांवर येणार.

आता राहिली काख. लोक ज्याला ‘अंगाचा वास’ म्हणतात तो बहुतांशी इथला. आणि आहाराची सत्ता सगळ्यांत कमी चालते तीही इथेच.

आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी पसरलेल्या आहेत. त्यांचा घाम म्हणजे खारट पाणी. काखेत आणि जांघेत आणखी एका जातीच्या ग्रंथी असतात, वयात आल्यावर जाग्या होणाऱ्या. त्यांचा स्राव दाटसर असतो आणि गंमत म्हणजे ताज्या स्रावाला वास नसतो. त्यात काही रेणू एखाद्या अमिनो आम्लाला जखडलेल्या अवस्थेत बाहेर येतात. काखेतले कोरिनेबॅक्टेरियम जातीचे जिवाणू ती बेडी तोडतात आणि रेणू मोकळा होऊन उडतो. त्यातलं एक आम्ल बोकडाच्या उग्र दर्पाचं. दुसऱ्याला चक्क जिऱ्याचा वास येतो. गर्दीच्या लोकलमध्ये फोडणीची आठवण झाली तर ती उगाच नसते. कांद्यासारखा जो वास येतो तो गंधक असलेल्या एका अल्कोहोलचा, आणि तो सोडण्याचं काम स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा जिवाणू करतो. हे अल्कोहोल नाकाला जाणवायला लागणारं प्रमाण इतकं नगण्य, की दहा लाखांत किती ही मोजपट्टीही त्याला फार मोठी पडते.

हे रेणू कालच्या मटणातून थेट उतरलेले नसतात. ते पेशी स्वतः बनवतात आणि कोणते किती बनवायचे हे जनुकं ठरवतात. स्वित्झर्लंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावंडांच्या काखेतल्या आम्लांचं विश्लेषण केलं, तेव्हा त्यांचे नमुने एकमेकांशी विलक्षण जुळले. याहून ठोस पुरावा कानात सापडतो. २००६ साली जपानी संशोधकांनी एबीसीसी११ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक दाखवला. एका रूपात कानातला मळ ओला, चिकट असतो, दुसऱ्यात कोरडा, भुसभुशीत. कोरड्या मळाच्या माणसांच्या काखेत ते जखडलेले रेणू पोचतच नाहीत, त्यामुळे काखेला वासही जवळजवळ नसतो. कोरिया, चीन, जपानमध्ये बहुसंख्य लोक कोरड्या मळाचे आहेत. युरोप आणि आफ्रिकेत जवळजवळ सगळे ओल्या मळाचे. भारतात दोन्ही प्रकार सापडतात. ब्रिस्टलमधल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे साडेसहा हजार स्त्रियांपैकी शेकड्याला दोन अशा निघाल्या, की त्यांच्या काखेला वास यायचं कारणच नव्हतं. त्यांतल्याही तीनचतुर्थांशाहून जास्त जणी डिओडरंट मारत होत्या. जाहिरातींचं यश म्हणायचं!

जपानी लोकांना एकोणिसाव्या शतकात युरोपियन माणसं भेटली तेव्हा त्यांच्या अंगाच्या वासाने ते हैराण झाले होते, आणि दोष लोणी-मांसावर ढकलला जात होता. बुन्तारो अदाची या जपानी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९०३ साली यावर लिहिताना बोट काखेतल्या ग्रंथींकडे दाखवलं. शंभर वर्षांनी जनुक सापडलं आणि तो बरोबर ठरला.

मग मांसाचा काखेवर काहीच परिणाम नाही? तसंही नाही. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या यान हावलिचेक आणि पावलिना लेनोखोवा यांनी २००६ साली एक छोटा पण नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा पुरुषांनी दोन आठवडे मांस असलेला किंवा नसलेला आहार घेतला. शेवटचे चोवीस तास काखेत कापसाच्या पट्ट्या बांधल्या. महिन्याभराने आहाराची अदलाबदल करून पुन्हा तेच. तीस स्त्रियांनी त्या पट्ट्या हुंगून गुण दिले. (विज्ञानासाठी लोक काय काय करतात!) त्याच पुरुषाचा बिनमांसाच्या दिवसांतला वास सरासरीने जास्त सुखद आणि कमी उग्र ठरला. शाकाहारी मंडळींना हा प्रयोग फार आवडतो. पण ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात जास्त फळं-भाज्या खाणाऱ्यांचा घाम सुखद ठरला, आणि त्याच यादीत चरबी, मांस, अंडी खाणारेही सुखद बाजूला होते. उग्र, नकोसा घाम निघाला तो जास्त कर्बोदकं खाणाऱ्यांचा. पहिला प्रयोग लाल मांस आणि मांस नसणं यांच्या तुलनेचा होता, दुसऱ्यात लोकांनी आपल्या आहाराची माहिती आपणच दिली होती. दोन्ही कीटो आहाराबद्दल नव्हते. आणि त्याच हावलिचेकच्या गटाने २०१६ मध्ये लसूण खाऊ घातलेल्या पुरुषांच्या काखांचा वास घ्यायला लावला, तर भरपूर लसूण खाल्लेल्यांनाच जास्त गुण मिळाले. तोंडाला लसणाचा वास मारत असताना काख मात्र पसंतीस उतरली. काखेबद्दल छातीठोक नियम सांगणाऱ्याने एवढं पाहून जरा सबुरीने घ्यावं.

कीटोचे प्रचारक इन्युइट लोकांचा दाखला हटकून देतात. बघा, पिढ्यान्‌पिढ्या मांसच खातात, कायम कीटोसिसमध्ये असतात! १९०८ साली ऑगस्ट आणि मारी क्रोघ हे डॅनिश दांपत्य ग्रीनलंडला जाऊन त्यांचा आहार आणि श्वसन मोजून आलं. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या, बॅफिन बेटावरच्या तपासणीत नेहमीच्या आहारावर असलेल्या इन्युइटांच्या लघवीत कीटोन जेमतेम सापडले. पुढे कारण कळलं. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या सीपीटी१ए या जनुकाचं रूप वेगळं आहे. यकृतात चरबीला जाळण्याच्या जागी नेणारं एन्झाइम त्यांच्यात मंद चालतं आणि कीटोन कमी बनतात. म्हणजे ज्यांच्या नावाने हा आहार खपवला जातो त्यांच्याच तोंडाला बहुधा नेलपॉलिशचा वास येत नसावा.

आपल्याकडे ‘मांसाहाऱ्यांना वास येतो’ हे विधान प्रयोगशाळेतून आलेलं नाही, ते जिन्यातून आलेलं आहे. मुंबईत कित्येक सोसायट्या शाकाहारी नसलेल्याला घर देत नाहीत. कोळ्याला, ख्रिश्चनाला, मुसलमानाला, दलिताला आणि मराठी माणसालाही हा अनुभव येतो. कारण दिलं जातं वासाचं. स्वयंपाकघरातून बोंबील भाजल्याचा वास येतो हे खरं. तो चार मजले चढतो हेही मी मान्य करतो. शेजारच्या हिंगाच्या फोडणीचाही चढतो. पण स्वयंपाकाचा वास आणि माणसाचा वास यांची सरमिसळ करणं ही जुनी चलाखी आहे. तिच्यामागे नाकापेक्षा जात जास्त बोलत असते. अंगाला वास आणणाऱ्या पदार्थांची प्रामाणिक यादी केली तर मेथी तिच्यात वर येईल. मेथीत सोटोलॉन नावाचा सुगंधी रेणू असतो. तो पचनातून पार पडतो आणि लघवीला, घामाला पाकासारखा गोडसर वास देतो. प्रसूतीच्या सुमारास मेथी खाल्लेल्या आईच्या नवजात बाळाला असाच वास आला आणि डॉक्टरांना एका गंभीर आनुवंशिक आजाराची शंका आली, असं परदेशात घडलेलं आहे. त्या आजारात बाळाच्या लघवीला मेपलच्या पाकाचा वास येतो. तपासण्या झाल्या, बाळ ठणठणीत निघालं. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीला घर नाकारल्याचं मात्र कुठे ऐकिवात नाही.

मांसामुळे खरोखरच अंगाला वास येणारे काही लोक असतात, पण ते विरळा आणि त्यांचं दुखणं वेगळं. अंडी, कलेजी, लाल मांस यांतल्या कोलिन आणि कार्निटिनपासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. सडक्या मासळीचा वास याचाच. यकृतातलं एफएमओ३ हे एन्झाइम त्याला बिनवासाचं करून टाकतं. हे एन्झाइम जन्मतःच लुळं असेल तर तो रेणू घाम, श्वास, लघवी सगळ्यांतून बाहेर पडतो. सौम्य दोष असलेल्या माणसाला एरवी काही कळतही नाही. रोज सहा-सहा अंडी सुरू केल्यावर मात्र लोक दूर सरकू लागतात. समुद्रातल्या मासळीत तर ट्रायमिथाइलअमाइन बनवायचा कच्चा माल तयारच असतो, त्यामुळे अशांना ती आणखी बाधते. कितीही साबण लावला तरी मासळीचा वास जात नसेल, तर लघवीची तपासणी करून निदान होतं आणि पथ्याने बराच फरक पडतो.

बाकीच्या, म्हणजे धडधाकट माणसाला पोळी-भात सोडल्यावरच्या वासाबद्दल करण्यासारखं फार नाही आणि फार अवघडही नाही. रिमूव्हरसारखा वास असेल तर बडीशेप चघळून तो झाकता येतो, घालवता येत नाही. काही आठवडे थांबायची तयारी नसेल तर दिवसाला अर्धी-एक भाकरी परत ताटात घ्यावी; बहुतेकांचं वजन तरीही उतरतं, यकृत मात्र कीटोनचा कारखाना मंद करतं. घामाला अमोनिया मारत असेल तर पाणी वाढवावं, प्रथिनं आवरावीत, आणि लांब पळायला जाण्याआधी थोडं पिष्ट पोटात असू द्यावं. काखेचा वास वाढल्यासारखा वाटत असेल तर आहाराआधी कपड्यांकडे बघावं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात व्यायामानंतरचे टी-शर्ट हुंगायला दिले, तेव्हा पॉलिएस्टरचे सुतीपेक्षा स्पष्टपणे जास्त घाणेरडे ठरले, कारण त्या धाग्यावर वास सोडणारे जिवाणू जास्त माजतात. डाएट आणि जिम बहुधा एकाच सोमवारी सुरू होतात, आणि त्याच आठवड्यात तो चकचकीत ड्राय-फिट टी-शर्टही विकत घेतलेला असतो.